पुन्हा शागिर्द

शहाड स्टेशनवर उतरून उल्हासनगर कॅम्प एकच्या बाजूला निघालं की बिर्ला मंदिर लागतं, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना लागतो आणि मग आमच्या गल्ल्या सुरू होतात. आमच्याकडे येणारा नवखा माणूस पत्ता विचारताना कधी आमचं नाव घेत नसे. "मिस्त्रीचं घर कुठं?" असं विचारी. आम्ही पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. चार-दोन मासिकांत आमचं लिखाणही छापून आलं. तरी गल्लीत नाव चालायचं ते आमच्या धाकट्या भावाचं. आम्हाला त्याचं थोडं वाईट वाटायचं आणि पुष्कळ बरंही वाटायचं.

धाकटा दुचाकीचा मिस्त्री. तेरा वर्षांचा असताना शाळेतून पळून एका गॅरेजात छोटू म्हणून बसला. पाने पुसायचे, चहा आणायचा, उस्तादाने मागितलेला पाना चुकला की टपली खायची. अम्मी रडली. अब्बा एवढंच म्हणाले, "हाताला काम लागतंय ना? लागू द्या." पुढे १९९६ साली त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. दहा बाय बाराची जागा, वर पत्रा, खाली काळी पडलेली जमीन. येझदी, राजदूत, बुलेट, हिरो होंडा, वेस्पा, जे येईल ते तो खोलायचा. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तो आतून सांगायचा, "टायमिंग चेन वाजतेय." गाडीवाला दारात येऊन म्हणायचा, "मिस्त्री, जरा आवाज येतोय." तोवर धाकट्याने पाना हातात घेतलेला असायचा.

शेजारचे सिंधी दुकानदार त्याला मानायचे. हे शहरच मुळात त्यांचं. लढाईच्या काळातली लष्करी छावणी होती ही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथल्या बराकींत आणून ठेवलं आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव दिलं. कॅम्प एक, कॅम्प दोन ही नावं मात्र छावणीची, ती अजून तशीच आहेत. सिंधमध्ये ज्यांच्या पेढ्या होत्या, जमिनी होत्या, त्यांनी इथे येऊन लोकल गाडीत पापड आणि गोळ्या विकल्या. आमच्या समोरचे एक म्हातारे साईं ही गोष्ट हसत हसत सांगायचे. "मास्तर, मी चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा टोपली उचलली," असं म्हणायचे. आम्ही ते ऐकून घ्यायचो आणि वर्गात फाळणीचा धडा शिकवताना उदाहरण म्हणून सांगायचो. त्या वाक्याचा आपल्या घराशी काही संबंध असेल, असं आमच्या मनात कधी आलं नाही.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी चढली, तेव्हा धाकट्याच्या हाताची खरी परीक्षा झाली. शहाड, कल्याण, बदलापूर सगळीकडे पाणी. पाणी ओसरलं आणि गाड्यांची रांग लागली. इंजिनात चिखल, टाकीत पाणी, वायरिंग कुजलेलं. महिनाभर तो गॅरेजातच झोपला. किती गाड्या उघडल्या त्याचा हिशेब त्याच्याकडेही नव्हता. ज्याचं घर वाहून गेलं होतं त्याच्याकडून त्याने नुसते सामानाचे पैसे घेतले. त्या वर्षी ईदला आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला इतके लोक आले की भांडी शेजारून आणावी लागली. आम्हाला वाटलं, या माणसाला आता मरेपर्यंत कुणी हलवू शकत नाही.

पण गाड्याच बदलत गेल्या. आधी गल्लीतली येझदी गेली, राजदूत गेली. मग कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं निघाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्यांचा नियम आला आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटरच नाहीसा झाला. पेट्रोल किती सोडायचं हे आता एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. ज्या कार्बोरेटरचा स्क्रू धाकटा डोळे मिटून, कानाने लावायचा, तो स्क्रूच राहिला नाही. त्यात लॉकडाऊन. गॅरेजचं शटर खाली आणि घरात आठ माणसं. शिवाय तीस वर्षं उकिडवं बसून त्याचे गुडघे गेले होते. नमाजला तो खुर्चीवर बसू लागला होता.

२०२१ च्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळे जमलेले असताना तो म्हणाला, "भाईजान, मी टू-व्हीलरचं काम बंद करतोय. कल्याणला एका कारच्या गॅरेजात जाणार. शिकायला."

आम्ही विचारलं, "कुणाकडे?"

"आहे एक मुलगा. सव्वीस वर्षांचा. स्कॅनर, सेन्सर, ईसीएम, सगळं येतं त्याला. म्हणाला, चाचा या, पगार कमी देईन, पण शिकवीन."

तेव्हा धाकटा शेहेचाळीस वर्षांचा होता. आम्ही शिक्षक. शिकायला जाणाऱ्या माणसाला आम्ही काय म्हणायला हवं होतं, ते वाचकांना सांगायला नको. आम्ही काय म्हणालो ते मात्र सांगायला हवं. पाहुण्यांच्या देखत, त्याच्या मुलासमोर आम्ही म्हणालो, "या वयात छोटू होणार? पोराटोरांना चहा आणून देणार? तीस वर्षांत कमावलेलं नाव गटारात टाकणार?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अब्बांनी माग सोडला तेव्हा त्यांना असं कुणी म्हणालं होतं का?" आणि उठून गेला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. बकरी ईदचा हिस्सा त्याच्याकडून आला, पण मुलाच्या हाती आला. तो स्वतः आला नाही.

आता अब्बांचं. अब्बा येवल्याचे. घरात हातमाग. आजोबा पैठणी विणायचे, अब्बाही विणायचे. मागावर पोट भरेना, तेव्हा बत्तिसाव्या वर्षी माग सोडून अब्बा इथे आले आणि सेंच्युरी रेयॉनमध्ये लागले. तिथेही धागाच, पण हा धागा रेशमाच्या किड्याचा नाही, लाकडाच्या लगद्याचा. लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, त्याचा मधासारखा दाट रस करायचा आणि तो रस बारीक भोकांतून आम्लाच्या पाण्यात सोडायचा. तिथे त्याचा धागा होतो. अब्बांनी हे आम्हाला लहानपणी घरच्या चाळणीतून शेवया पाडताना समजावून सांगितलं होतं. माणूस बत्तीस वर्षांचा, बोटांना रेशमाची सवय, आणि कारखान्यात पहिल्या दिवशी त्यांच्या हातात झाडू दिला होता. हे आम्हाला अम्मीने सांगितलं, तेही अब्बा गेल्यानंतर. धाकट्याला ते आधीपासून माहीत होतं. अब्बा गॅरेजात त्याच्याजवळ बसायचे ना.

धाकट्याच्या मुलाला, आमच्या पुतण्याला, मोटारसायकलच्या शर्यतींचं वेड आहे. चालवण्याचं नाही, अल्लाची मेहरबानी, बघण्याचं. त्यांच्या घरात अबोला आणि आमच्या घरात अबोला, पण पोरगा दोन्हीकडे. एका संध्याकाळी तो मोबाइल घेऊन आमच्याजवळ बसला आणि म्हणाला, "बडे अब्बा, तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. अब्बूंसारखीच आहे." त्याने सांगितलं ते आणि पुढे आम्ही स्वतः वाचलं ते मिळून इथे लिहितो.

त्या माणसाचं नाव रिकी कारमायकल. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा, जन्म १९७९ चा. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या, खाचखळग्यांच्या, उंचवट्यांच्या वाटेवरून मोटारसायकलची शर्यत. गाडी वजनाने हलकी, साधारण शंभर-एकशे दहा किलोची, आणि स्प्रिंगचा प्रवास इतका लांब की तीन-चार पुरुष उंचीवरून उतरली तरी मोडत नाही. स्वार सीटवर बसतच नाही म्हणा ना. पायाच्या दांड्यांवर उभा राहतो आणि अंगाच्या झुकावाने गाडी वळवतो. एका दिवसात अर्ध्या तासाहून लांबच्या दोन फेऱ्या. हात दगड होतात, श्वास पुरत नाही.

या खेळात कारमायकलने १९९७ ते २००६ अशी ओळीने दहा वर्षं अमेरिकेचं मैदानी अजिंक्यपद घेतलं. आधी १२५ सीसी गाड्यांच्या वर्गात तीनदा, मग मोठ्या गाड्यांच्या वर्गात सातदा. २००२ च्या हंगामात चोवीस फेऱ्या होत्या. चोवीसच्या चोवीस त्याने जिंकल्या. कुणी म्हणेल, एकदा होतं असं. २००४ मध्ये त्याने पुन्हा चोवीसपैकी चोवीस जिंकल्या. स्टेडियममध्ये माती टाकून जी शर्यत भरवतात, ती सुपरक्रॉस, त्यातही मोठ्या वर्गात पाच विजेतेपदं. लोक त्याला 'गोट' म्हणू लागले. इंग्रजीत 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम' या शब्दांची आद्याक्षरं घेतली की हा शब्द होतो. आम्हाला मात्र गोट म्हटलं की बकरी ईदच आठवली आणि पुतण्या हसला. बऱ्याच दिवसांनी त्या घरातलं कुणी आमच्याजवळ बसून हसलं.

तर असा हा माणूस. २००७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने मोटोक्रॉसची पूर्ण वेळची कारकीर्द थांबवली आणि कारच्या शर्यतीत उतरला. अमेरिकेत नॅस्कार म्हणून शर्यती चालतात. लांबट गोल डांबरी वाट, चाळीस-चाळीस गाड्या, एकमेकींना खेटून, आणि शेकडो फेऱ्या. त्यात कारमायकल सगळ्यांत वरच्या शर्यतीत गेला नाही. आधी खालच्या पायऱ्यांवर शिकला. २००८ मध्ये पूर्व विभागाच्या मालिकेत धावला आणि २००९ ते २०११ असे तीन हंगाम पिकअप ट्रकांच्या मालिकेत.

"मग जिंकला का?" आम्ही विचारलं.

"नाही," पुतण्या म्हणाला. "ट्रकची एकही शर्यत जिंकला नाही."

आम्ही म्हणालो, "बघ! मग काय मिळवलं?"

पोरगा आमच्याकडे बघत राहिला. "बडे अब्बा, पण तो गेला ना," एवढंच म्हणाला.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. चोवीसपैकी चोवीस जिंकणारा माणूस विसाव्या नाहीतर पंचविसाव्या नंबरावर शर्यत संपवून हेल्मेट काढत असेल, तेव्हा त्याला काय वाटत असेल? समोर एखादं विशीतलं पोर जिंकून नाचत असेल. त्याला ठाऊक असणार की हे लोक आपल्याला बघायला आलेत ते आपल्या जुन्या नावासाठी. आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जायचं.

दोन चाकांवरची विद्या चार चाकांवर का चालत नाही, हे आम्ही पुढे पुतण्याकडून समजून घेतलं. मोटारसायकलवर माणूस हा स्वतः गाडीचा एक भाग असतो. अंग मागे नेलं की मागच्या चाकाला पकड मिळते, पुढे नेलं की पुढच्या. उजव्या हाताच्या मुठीत पेट्रोल, त्याच हाताच्या बोटांत पुढचा ब्रेक, डाव्या हातात क्लच. चाक समोर दिसतं. माती कशी आहे ते पायाच्या तळव्याला कळतं. कारमध्ये हे सगळं काढून घेतात. माणसाला पट्ट्यांनी सीटला जखडून टाकतात. नॅस्कारचा ट्रक दीड टनाच्या आसपास, तिथे तुमच्या सत्तर किलोंना कोण विचारतं? पेट्रोल हातातून पायात गेलं. चारांपैकी एकही चाक दिसत नाही. मागची खबर कानात रेडिओवरून येते. वर एक माणूस उभा राहून सांगतो, डावीकडे गाडी आहे, उजवीकडे मोकळं आहे. आणि हवा! पुढच्या गाडीच्या मागे लागलात तर हवेचा अडथळा कमी होऊन वेग वाढतो, पण वळणावर तीच हवा नसल्याने पकड सुटते. मोटोक्रॉसवाल्याने आयुष्यभर मातीशी दोस्ती केलेली. आता न दिसणाऱ्या हवेशी करायची.

सगळेच हरले असं मात्र नाही. ट्रॅव्हिस पास्ट्राना नावाचा त्याच्याच देशातला स्वार २००० साली १२५ सीसीचा मोटोक्रॉस विजेता होता. तो रॅलीत गेला, म्हणजे माती-खडीच्या रस्त्यांवरून वेळेशी झुंजत कार पळवायची. २००६ ते २००९ अशी सलग चार वर्षं त्याने अमेरिकेचं रॅलीचं अजिंक्यपद मिळवलं. पण तोच पास्ट्राना २०१३ मध्ये नॅस्कारच्या दुसऱ्या पायरीवर पूर्ण हंगाम धावला आणि एकही शर्यत न जिंकता बाहेर पडला. माणूस तोच, पाय तेच. मातीवर जमलं, डांबरावर नाही. फ्रान्सच्या स्टेफान पीटरहान्सेलने वाळवंटातली डाकार रॅली मोटारसायकलवर सहा वेळा जिंकली आणि मग कारमधून आठ वेळा. पण मोटारसायकलवरचा शेवटचा विजय १९९८ चा आणि कारमधला पहिला २००४ चा. मधली सहा वर्षं कुणी मोजत नाही. आणि जॉन सर्टीज. डांबरी रस्त्यावरच्या मोटारसायकलींचा अनेक वेळा जगज्जेता झालेला हा इंग्रज १९६४ साली फेरारीतून फॉर्म्युला वनचाही जगज्जेता झाला. दोन चाकं आणि चार चाकं, दोन्हींवर हा मान मिळवणारा तो आजवर एकटाच आहे. जगात इतकी माणसं गाड्या पळवतात, आणि एकटाच!

आपल्याकडे हा खेळ श्रीमंतांचा समजतात आणि ते फारसं खोटं नाही. पण १९८० साली हिमालयन कार रॅली उभी केली ती मुंबईच्या नाझिर हुसेन यांनी, हे आम्हाला अंधुक आठवत होतं. वर्तमानपत्रात बर्फाच्या डोंगराखाली चिखलाने माखलेली मोटार छापून आली होती. नाशिकला महाराष्ट्राची रॅली होत आली आहे. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियममध्ये माती टाकून सुपरक्रॉसची लीग सुरू झाली, तेव्हा पुतण्या मित्रांबरोबर पहाटेच्या गाडीने गेला आणि धुळीने भरलेला परत आला. या खेळात हाडं मोडतात आणि जीवही जातो, हेही लिहिलं पाहिजे. बंगळूरचा सी. एस. संतोष मोटोक्रॉसमधूनच पुढे आला. २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात तो पडला आणि डोक्याला मार लागून बेशुद्धीत गेला. सुदैवाने घरी परतला.

पण आम्हाला या सगळ्यांत जास्त जवळचा वाटला तो माणूस गाडी चालवतच नाही. केरळातल्या कासरगोडकडचे मूसा शरीफ. रॅलीच्या कारमध्ये चालकाच्या शेजारी बसतात. गौरव गिल हा आशिया-पॅसिफिक रॅलीचा विजेता, २०१९ मध्ये मोटरस्पोर्टमधला पहिला अर्जुन पुरस्कार मिळालेला चालक. त्याच्या शेजारीही तेच बसले आहेत. त्यांचं काम वाचण्याचं! शर्यतीआधी रस्त्यावरून हळू गाडी नेऊन पाहतात. चालक प्रत्येक वळण सांगतो आणि शेजारचा वहीत उतरवून घेतो. किती अंतर, डावं की उजवं, किती तीव्र, पुढे उंचवटा आहे का, दगड आहे का. मग प्रत्यक्ष शर्यतीत गाडी उसळत असताना शेजारचा मान खाली घालून ती वही वाचतो, वळण येण्याच्या नेमकं थोडं आधी. लवकर वाचलं तर चालक विसरेल, उशिरा वाचलं तर दोघे दरीत. मोटोक्रॉसवाला एकटा असतो. रॅलीच्या कारमध्ये दोघं असतात आणि एकाने दुसऱ्याच्या आवाजावर जीव टाकायचा असतो.

हे ऐकताना आम्हाला काही सुचलं होतं, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. आम्ही नुसतं ऐकलं.

२०२२ च्या पावसाळ्यात धाकट्याच्या दुल्हनने निरोप पाठवला की यांचा डबा आज राहिला आहे, तुम्ही कल्याणला जाताच आहात तर देऊन या. आता वाटतं की डबा मुद्दामच राहिला होता. आम्ही गेलो. बैलबाजाराच्या बाजूला गॅरेज. बाहेर पाऊस आणि आत चार गाड्यांची बॉनेटं उघडी. एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, हातात टॅबलेटसारखं यंत्र. धाकटा त्याच्या मागे उभा, मान पुढे काढून. शाळेत शेवटच्या बाकावरचा मुलगा फळ्याकडे बघतो तसा.

आम्हाला बघून तो दचकला. मुलगा पुढे आला, "या चाचा, बसा." आणि मग त्यानेच आत आवाज दिला, "चहा आण रे." चहा आणायला एक पोरगा धावला. धाकटा हलला नाही. आम्ही ईदच्या दिवशी जे बोललो होतो ते चहाच्या पहिल्या घोटाबरोबर घशात अडकलं.

समोर एक जुनी कार धडधडत होती. धाकटा म्हणाला, "पहिला सिलिंडर मारत नाही." मुलाने यंत्र जोडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे आले. पी, शून्य, तीन, शून्य, एक. मुलगा आमच्याकडे वळून म्हणाला, "बघा चाचा, पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. यंत्राआधी यांनी सांगितलं. पण पुढच्या गाडीला यांचे कान चालणार नाहीत." पुढची गाडी सुरूच होत नव्हती. आवाजच नाही तर कान काय करणार? यंत्राने सांगितलं की कॅमशाफ्टचा सेन्सर बोलत नाही. आणि मग एका जाड इंग्रजी पुस्तकातून वायरचा नकाशा काढायचा होता. मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. धाकटा पुस्तक उघडून बसला. बोट एका ओळीवर ठेवलं, तिथेच राहिलं. आमचा भाऊ आठवीत शाळेतून पळाला होता.

आम्ही खिशातून चष्मा काढला. "दे इकडे," म्हणालो.

तो काही बोलला नाही. पुस्तक आमच्याकडे सरकवलं आणि बॉनेटखाली वाकला. आम्ही वाचत गेलो. पहिली तार अमुक रंगाची, तिच्यावर पाच व्होल्ट पाहिजेत. वाचायचं, मराठीत सांगायचं. तो मीटर लावायचा, "आहेत" म्हणायचा. दुसरी तार जमिनीची. "आहे." तिसरी सिग्नलची. तो थांबला. "नाही. इथे तुटलीय. उंदरानं खाल्लीय, भाईजान."

वर्षभराने "भाईजान" ऐकलं. आम्ही पुस्तकात मान घातली, कारण चष्म्याच्या आत पाणी आलं होतं. बाहेर पाऊस पडत होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

परतताना लोकलमध्ये आम्ही माफी मागितली. आयुष्यभर मुलांना शुद्ध मराठी शिकवलेला माणूस, वाक्य नीट होईना. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "तुम्ही बोललात त्याचं वाईट वाटलं नाही. पोरासमोर बोललात त्याचं वाटलं." मग शहाड येईपर्यंत दोघेही गप्प. उतरताना म्हणाला, "बुधवारी या. गिअरबॉक्सचं पुस्तक आलंय."

तेव्हापासून बुधवार ठरला. नंतर आम्ही निवृत्त झालो आणि शनिवारही ठरला. आमच्याकडे आता एक वही आहे. यंत्रावर येणारे आकडे एका बाजूला, त्याचा मराठीतला अर्थ दुसऱ्या बाजूला, आणि तिसऱ्या रकान्यात धाकट्याने सांगितलेलं, म्हणजे असं झालं की गाडी कशी वाजते, कसा वास येतो, पाय दिल्यावर कशी दचकते. हा तिसरा रकाना पुस्तकात नाही. तो तीस वर्षं उकिडवं बसून आलेला आहे. त्याचा उस्ताद, तो मुलगा, या रकान्याचे फोटो काढून नेतो. दुचाकीवरची विद्या अगदीच वाया गेली नाही म्हणायची. कारमायकलनेही पुढे काय केलं? शर्यती सोडल्यावर तो नव्या मुलांना मोटोक्रॉस शिकवू लागला, सामन्यांचं समालोचन करू लागला आणि डेटोनाच्या सुपरक्रॉसची माती कुठे कशी रचायची हे ठरवू लागला. ट्रकात त्याला काय मिळालं ते त्याचं त्याला ठाऊक. पण इतका मोठा मान मिळाल्यावर तो शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता, एवढं त्याच्या शिष्यांना नक्की माहीत असेल.

ही गोष्ट गोड शेवटाची करायची आमची इच्छा नाही, कारण ती तशी नाही. धाकट्याची कमाई अजून पूर्वीच्या चांगल्या दिवसांइतकी नाही. गिअरबॉक्स त्याला अजून नीट जमत नाही. दोन वेळा चुकून नवा भाग खराब झाला, त्याचे पैसे पगारातून गेले. गुडघे मात्र सुधारलेत. कार लिफ्टवर वर जाते आणि हा खाली उभा राहतो. पुढे स्वतःचं गॅरेज टाकायचं त्याच्या मनात आहे. तोवर सगळ्याच गाड्या बॅटरीवर गेल्या तर? आम्ही विचारलं. म्हणाला, "तर पुन्हा शिकू. तुम्ही चष्मा बदलून घ्या."

जुन्या गॅरेजचं शटर अजून आहे. भाड्याने दिलंय, तिथे मोबाइलचं सामान विकतात. परवा एक वयस्क गृहस्थ जुनी येझदी ढकलत गल्लीत आले आणि दारात उभ्या असलेल्या आम्हाला विचारू लागले, "मिस्त्रीचं घर हेच ना?" धाकटा कामावरून यायचा होता. आम्ही त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणालो, "बसा. येईल एवढ्यात. शिकायला गेलाय."